झोळीचं पेटंट

बाबागाडीचा इतिहास कागदावर सापडतो. १७३३ मध्ये विल्यम केंटने इंग्लंडमधल्या एका ड्यूकच्या मुलांसाठी जनावराने ओढायची गाडी केली. घडीची हलकी गाडी १९६५ ची, विमानांचा इंजिनियर ओवेन मॅक्लारेनची. झोळीचं पेटंट कोण घेणार?

तापी-गोमाईच्या संगमावर, प्रकाशा गावात, बी. के. थापर यांनी १९५५ मध्ये टेकाड खणलं. (त्याच साली अमेरिकेत डिस्नेलँड उघडलं, तिथे बाबागाडी भाड्याने मिळते.) ताम्रपाषाणयुगाची खापरं निघाली. लेकरू बांधायचं फडकं मातीत टिकत नाही, म्हणून ते इतिहासातही नाही.

केदारेश्वराच्या घाटाला पायऱ्या. यात्रेतल्या बाया पोरं पाठीशी बांधून सहज उतरत होत्या. मीही धाकटीला आईच्या जुन्या लुगड्यात बांधलं, थोरल्याचा हात धरला. गर्दीत तिचा श्वास मानेला लागत होता. मागे वळून बघावं लागलं नाही.