वंचक कोण? बगळा, पाणकावळा आणि तळ्यातले मासे

भाताच्या बांधावर मातकट रंगाचा एक पक्षी मान आखडून बसलेला असतो. जवळ जाईपर्यंत तो दिसत नाही आणि उडाला की एकदम पांढराशुभ्र होतो. मराठीत त्याला ढोकरी म्हणतात, तसेच वंचकही म्हणतात. वंचक म्हणजे फसवणारा. पंचतंत्रातल्या ढोंगी बगळ्यापासून या कुळाची अपकीर्ती चालत आली आहे. पण फसवणूक वेगळी आणि चोरी वेगळी. चोरी होण्यासाठी मालाला मालक असावा लागतो. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या माशांना मालक केव्हा मिळाला, हे पाहिले तर बगळ्यावरच्या खटल्याचा इतिहास आपल्या हाती येतो.

पूर्वी येथील मासेमारी पावसावर चाले. पहिल्या मोठ्या पावसात नदीतले मासे ओहोळांतून वर चढत, खाचरांत शिरत. हीच वलगण. माणसे, बगळे आणि पाणसाप एकाच वेळी या मेजवानीला हजर असत. मासा ज्याच्या हाती लागेल त्याचा. शिवाय खाचरातला बगळा मुठे, बेडूक आणि किडेही टिपत असल्यामुळे शेतकऱ्याला त्याचा राग येण्याचे कारण नव्हते.

मग पाण्याचे रूप बदलले. मुंबईची तहान भागवण्यासाठी १८९२ साली तानसा धरण पूर्ण झाले. विसाव्या शतकात वैतरणा, बारवी आणि भातसा यांवरही धरणे आली. पावसाळ्यात धो धो वाहून उन्हाळ्यात आटणाऱ्या नद्यांच्या जागी बारमाही, खोल, स्थिर पाणी पसरले. बगळ्याला याचा फायदा मर्यादित झाला, कारण तो पाय बुडेल एवढ्याच पाण्यात उभा राहून शिकार करतो. पाणकावळ्याचे तसे नाही. तो बुडी मारून माशाचा पाठलाग करतो. त्याची पिसे भिजतात, म्हणून तो नंतर पंख पसरून उन्हात बसतो. खोल पाणी हे त्याचेच क्षेत्र.

याच काळात बगळ्यांवर वेगळेच संकट आले होते. विणीच्या हंगामात काही बगळ्यांच्या पाठीवर नाजूक, तंतूंसारखी पिसे येतात. युरोपातील स्त्रियांच्या टोप्यांसाठी या पिसांना प्रचंड किंमत येऊ लागली. पिसे विणीतच येत असल्याने मोठा पक्षी मारला की घरट्यातली पिल्लेही उपाशी मरत. १९०२ मध्ये हिंदुस्थान सरकारने रानपक्ष्यांच्या पिसांची निर्यात बंद केली. पुढे १९१२ च्या वन्य पक्षी व प्राणी संरक्षण कायद्याच्या यादीत बगळे आणि खंड्या यांची नावे आली. पाणकावळ्याचे नाव मात्र त्यात नव्हते. त्याच्या काळ्या पिसांना बाजार नव्हता. म्हणजे कोणता पक्षी किती मासे खातो, हा प्रश्न त्या कायद्याने विचारलाच नव्हता!

पोटात काय आहे ते पाहून मग निवाडा करावा, ही शास्त्रीय पद्धतही आपल्याकडे तेव्हाच आली. बिहारमधील पुसा येथे सी. डब्ल्यू. मेसन यांनी पक्ष्यांच्या जठरातील अन्न तपासले आणि तो अभ्यास १९१२ मध्येच प्रसिद्ध झाला. पण तेथे मुख्य चिंता पिकांवरील किडींची होती, माशांची नव्हती.

माशांची चिंता वाढली ती १९५७ नंतर. त्या वर्षी १० जुलैला कटक येथे डॉ. हिरालाल चौधुरी यांना पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांचे प्रजनन घडवण्यात यश आले. तोपर्यंत कटला, रोहू, मृगळ यांचे बीज नदीतून गोळा करावे लागे. आता ते केंद्रात तयार होऊ लागले, विकत मिळू लागले. तळ्यात सोडलेल्या प्रत्येक बोटुकलीला किंमत आली, मालक आला आणि त्याबरोबर चोरही आला.

मत्स्यपालकाची तक्रार खोटी आहे का? आपण एक गणित मांडू. यातील आकडे मोजलेले नाहीत, उदाहरणासाठी धरलेले आहेत. एका हेक्टरच्या तळ्यात ५,००० बोटुकल्या सोडल्या. रोज दहा लहान पाणकावळे आले आणि प्रत्येकाने ७५ ग्रॅम मासे खाल्ले. बोटुकली ५ ग्रॅमची असेल तर दिवसाला १५० आणि महिन्याला ४,५०० मासे गेले. तळे जवळजवळ रिकामे! आता बोटुकली २५ ग्रॅमची धरा. तेवढ्याच भुकेला महिन्यात ९०० मासे पुरतात. पक्ष्यांचे निम्मे अन्न तळ्यातील इतर लहान मासे असतील तर हा आकडा ४५० वर येतो. मासा आणखी वाढला की तो लहान पाणकावळ्याच्या घशात मावतच नाही.

म्हणजे धोका खरा आहे, पण तो थोड्या आठवड्यांचा आहे. दुर्दैवाने हे आठवडे नेमके पावसाळ्यात येतात. बीज सोडण्याची वेळ तीच आणि पक्ष्यांच्या घरट्यांत पिल्ले असण्याची वेळही तीच. शिवाय बीज खाणारे सगळेच पंखवाले नसतात. मरळ आणि पाणकिडेही पुष्कळ बीज फस्त करतात. ते पाण्याखाली असल्यामुळे दिसत नाहीत. पांढरा बगळा दुरून दिसतो, म्हणून आळ त्याच्यावर.

उपायही या गणितातूनच निघतात. बीज आधी लहान, राखणीच्या तळ्यात वाढवून मोठे करून सोडावे. त्या लहान तळ्यावर दोऱ्या किंवा घट्ट ताणलेले जाळे लावावे. सैल, बारीक जाळ्यात पक्षी अडकून मरतात. प्लास्टिक अंथरलेल्या, उभ्या काठाच्या शेततळ्यात बगळ्याला उभे राहायला जागाच नसते. तेथे लक्ष ठेवायचे ते पाणकावळ्यावर. बंदूक किंवा विष हा उपाय नव्हे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्याच्या पुढील दुरुस्त्यांनी आता बगळ्याबरोबर पाणकावळ्यालाही संरक्षण दिले आहे. आणि तळ्यात अन्न आहे तोवर मारलेल्या पक्ष्याच्या जागी दुसरा येतोच.

ब्रिटनमध्ये १९२८ पासून राखी बगळ्यांच्या घरट्यांची दरवर्षी मोजणी होते. तिच्यासाठी लागतात ते डोळे, वही आणि चिकाटी. आपल्या शाळेजवळच्या वडावर किंवा चिंचेवर सारंगागार असेल तर पावसाळ्यात घरटी मोजावीत. तळ्यावर रोज एक तास बसून कोणता पक्षी किती बुड्या मारतो आणि किती वेळा मासा पकडतो, हे मुलांनी लिहावे. बांधावरच्या ढोकरीने काय टिपले, मासा की मुठा, तेही लिहावे. दोन-तीन वर्षांच्या अशा नोंदी गावच्या मत्स्यपालकासमोर ठेवल्या तर त्यालाही उपयोग होईल. मग वंचक कोण, याचा निवाडा गोष्टीवरून न होता पुराव्यावरून होईल.