आग आधी, कायदा नंतर : राइशस्टाग खटला, १९३३

पाठ्यपुस्तकांत राइशस्टागची आग एका वाक्यात आटोपते : जर्मन संसदेची इमारत जळाली आणि हिटलरने ते निमित्त साधून नागरी हक्क गुंडाळले. हे खरेच आहे. पण त्या आगीचा पुढे रीतसर खटला उभा राहिला, तो तीन महिने चालला आणि पाचपैकी चार आरोपी निर्दोष सुटले. पाचव्याला जी शिक्षा झाली ती मात्र आग लागली त्या रात्री जर्मनीच्या दंडसंहितेत नव्हतीच. आजचा धागा त्या शिक्षेविषयी.

२७ फेब्रुवारी १९३३, बर्लिन. हिटलरला चॅन्सेलर होऊन महिनाही झाला नव्हता आणि ५ मार्चला निवडणूक होती. रात्री नऊनंतर राइशस्टागमधून ज्वाळा दिसू लागल्या. मुख्य सभागृह भस्मसात झाले. पोलिसांना आत एक उघडाबंब घामाघूम तरुण सापडला : मारिनुस फान देर लुब्बे, हॉलंडमधील लायडन गावचा गवंडी, वय २४. कामावर असताना डोळ्यांत चुना जाऊन त्याची दृष्टी अधू झाली होती. दोनच दिवसांपूर्वी त्याने बर्लिनमधील आणखी तीन इमारती पेटवण्याचा प्रयत्न केला होता, तिन्ही फसले. आग मीच लावली आणि एकट्याने लावली, असे तो पहिल्या रात्रीपासून सांगत राहिला.

आता त्या रात्रीचा कायदा पाहू. १८७१ च्या जर्मन दंडसंहितेत जाळपोळीला पायऱ्या होत्या. गंभीर जाळपोळीला कलम ३०६, म्हणजे मुदतीचा सक्त कारावास. त्याच आगीच्या आडून खून किंवा दरोडा घालायचा, अथवा बंड माजवायचे असा हेतू सिद्ध झाला तर कलम ३०७ : किमान दहा वर्षे, कमाल जन्मठेप. जाळपोळीला देहदंड कुठेही नव्हता. ही पायऱ्यांची रचना लक्षात ठेवा. कारण ‘तो एकटा होता की कुणी पाठीशी होते?’ हा प्रश्न राजकीय तर होताच, पण एका माथेफिरू तरुणाच्या आगीला ‘बंडाची आग’ ठरवण्यासाठी सरकारी पक्षाला कटाची गरज होती.

दुसऱ्याच दिवशी, २८ फेब्रुवारीला, राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांच्या सहीने ‘जनता आणि राज्य यांच्या संरक्षणार्थ’ वटहुकूम निघाला. भाषण, सभा, टपालाची गुप्तता, घराची अभेद्यता, सारे स्थगित. त्याचे पहिले कलम सगळ्यांना ठाऊक असते. पाचव्या कलमाकडे फारसे कुणी पाहत नाही. ज्या गुन्ह्यांना तोवर जन्मठेप होती त्यांपैकी काहींना यापुढे देहदंड, असे ते कलम म्हणत होते. राजद्रोह, विषप्रयोग, स्फोट घडवणे, पूर आणणे आणि कलम ३०७ ची जाळपोळ यांचा त्यात समावेश होता.

अडचण एवढीच, की आग आदल्या रात्री लागली होती.

वायमार संविधानाचे ११६ वे कलम सांगत होते की एखादे कृत्य दंडनीय असल्याचे कायद्याने आधी ठरलेले असेल तरच त्यासाठी शिक्षा देता येते. गंमत अशी, की वटहुकुमाने जी कलमे स्थगित केली त्यांत ११६ नव्हते. हिटलरला तर फान देर लुब्बेला फाशी हवी होती. मार्चमध्ये मंत्रिमंडळात हा विषय आला, तेव्हा न्यायखात्याचे सचिव फ्रान्झ श्लेगेलबेर्गर यांनी हरकत घेतली : कायद्याविना शिक्षा नाही, हे तत्त्व मोडता येणार नाही. (हेच गृहस्थ पुढे हिटलरच्या न्यायखात्याचे प्रभारी मंत्री झाले आणि १९४७ मध्ये न्युरेंबर्गच्या न्यायाधीशांवरील खटल्यात त्यांना जन्मठेप झाली. आक्षेप घेणारा माणूस अखेरपर्यंत आक्षेप घेतच राहतो असे नाही.)

वाट काढून देण्याचे काम विद्वानांनी केले. सरकारने तीन प्राध्यापकांचे मत मागवले. त्यांचा युक्तिवाद असा : संविधान ‘दंडनीयता’ म्हणते, ‘दंड’ म्हणत नाही. जाळपोळ आधीपासून दंडनीय होतीच. आपण फक्त शिक्षेचे माप वाढवत आहोत. शब्दाला शब्द लावून पाहिले तर हा युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता, आणि म्हणूनच तो वाचताना अंगावर काटा येतो.

२३ मार्चला हिटलरला संसदेविना कायदे करण्याचा अधिकार मिळाला आणि २९ मार्चला कायदा आला. वटहुकुमाचे पाचवे कलम ३१ जानेवारी ते २८ फेब्रुवारी १९३३ या काळातील कृत्यांनाही लागू होईल, एवढाच त्याचा गाभा. ज्या एका माणसासाठी तो केला गेला त्याच्याच नावाने तो ओळखला जातो : ‘लेक्स फान देर लुब्बे’.

इथे क्षणभर भारतात येऊ, कारण हाच शब्दच्छल आपल्याकडे करता येणार नाही. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत घर किंवा प्रार्थनास्थळ पेटवण्याला कलम ४३६ खाली जन्मठेप अथवा दहा वर्षांपर्यंत कारावास होता. आता तीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२६ मध्ये आहे. उद्या संसदेने ही शिक्षा वाढवली तरी ती कालच्या आगीला लावता येणार नाही. आपल्या संविधानाचा अनुच्छेद २०(१) दोन्ही दारे बंद करतो : कृत्य त्या वेळी गुन्हा असले पाहिजे, आणि त्या वेळच्या कायद्यात होती त्याहून अधिक शिक्षा देता येत नाही. ‘दंडनीयता’ आणि ‘दंड’ यांच्यामधली फट तिथे उरलेली नाही.

पुन्हा जर्मनीकडे. २१ सप्टेंबर १९३३ ला लाइपझिगच्या सर्वोच्च न्यायालयात खटला सुरू झाला. फान देर लुब्बेबरोबर चार आरोपी होते : कम्युनिस्ट पक्षाचे संसदीय नेते एर्न्स्ट टोर्गलर, जे आगीच्या दुसऱ्या दिवशी स्वतःहून पोलिसांपुढे हजर झाले होते, आणि तीन बल्गेरियन, गेऑर्गी दिमित्रोव्ह, ब्लागोय पोपोव्ह व वासिल तानेव्ह. आदल्याच दिवशी लंडनमध्ये कायदेपंडितांच्या एका ‘प्रतिखटल्या’ने निष्कर्ष जाहीर केला होता की आरोपी निर्दोष आहेत आणि संशय नाझींवरच जातो. जगभरच्या वृत्तपत्रांचे लक्ष लाइपझिगवर होते.

बचावाचे तीन नमुने या एकाच खटल्यात दिसतात. टोर्गलर यांचे वकील आल्फोन्स झाक स्वतः नाझी पक्षाचे सदस्य. पण त्यांनी अशिलाची बाजू चोख मांडली आणि साक्षीदारांच्या वेळांचा कीस काढला. फान देर लुब्बे वकिलाशी बोलायलाच तयार नव्हता. मान खाली घालून बसायचा, एका शब्दात उत्तर द्यायचा. नोव्हेंबरात एकदाच तो भडभडून बोलला : खटला इतका का लांबतो आहे, आग मी एकट्याने लावली, निकाल द्या. न्यायालयाने तज्ज्ञांचे ऐकले, आणि तज्ज्ञ म्हणत होते की एवढी आग एकट्याच्या हातून इतक्या थोड्या वेळात लागणे अशक्य आहे. आरोपी कबुली देतो आहे आणि न्यायालयाला ती अपुरी वाटते आहे, असा विचित्र प्रसंग होता तो.

तिसरा नमुना दिमित्रोव्ह यांचा. त्यांना पसंतीचा वकील नाकारला गेला, न्यायालयाने नेमलेला वकील मिळाला. पाच महिने हातांत बेड्या होत्या. त्या काळात त्यांनी जर्मन दंडसंहिता वाचून काढली आणि कोर्टात स्वतःच उलटतपासणी सुरू केली. आगीच्या रात्री ते म्युनिकहून बर्लिनला येणाऱ्या रेल्वेगाडीत होते. हा मुद्दा कुणालाच खोडता आला नाही. ४ नोव्हेंबरला हेर्मान गोरिंग साक्षीला आले, तेव्हा दिमित्रोव्ह यांनी तपास सुरुवातीपासून एकाच दिशेने का वळवला असे विचारले. गोरिंग भर न्यायालयात ओरडू लागले. माझ्या प्रश्नांची भीती वाटते का, असे दिमित्रोव्ह यांनी विचारताच अध्यक्ष ब्युंगर यांनी बाहेर काढले ते दिमित्रोव्ह यांनाच. कोर्टातून हाकलले जाण्याची ही त्यांची एकमेव वेळ नव्हती.

सरकारी वकिलांनी अखेरीस तिन्ही बल्गेरियनांना पुराव्याअभावी सोडावे अशी स्वतःच मागणी केली. २३ डिसेंबरला निकाल लागला. चौघे निर्दोष. फान देर लुब्बे राजद्रोह आणि बंडाच्या हेतूने जाळपोळ यांसाठी दोषी, शिक्षा देहदंड. म्हणजे न्यायालयाने कट मानला, पण कटातले बाकीचे कोण हे त्याला सांगता आले नाही. १० जानेवारी १९३४ ला लाइपझिगमध्ये गिलोटीनवर त्याचा शिरच्छेद झाला. तीन दिवसांनी तो पंचवीस वर्षांचा झाला असता.

निर्दोष सुटलेले लगेच मोकळे झाले असे समजू नका. टोर्गलर पुढे १९३५ पर्यंत ‘संरक्षक कोठडीत’ राहिले. बल्गेरियनांना सोव्हिएत संघाने नागरिकत्व दिले, तेव्हा कुठे फेब्रुवारीअखेर त्यांना मॉस्कोला जाऊ दिले. आणि चार सुटकांनी चिडलेल्या राजवटीने एप्रिल १९३४ मध्ये राजद्रोहाचे खटले या न्यायालयाकडून काढून नव्या ‘लोक न्यायालया’कडे सोपवले. पुढच्या दशकात त्याने हजारो देहदंड सुनावले.

आग कोणी लावली यावर इतिहासकार अजून भांडतात. फ्रिट्झ टोबियास यांनी १९६२ च्या पुस्तकात ‘एकटाच’ हे मत मांडले आणि आज बहुतेक अभ्यासक तिकडे झुकतात. विरोधातही नेटाने लिहिले जाते. मलाही ‘एकटाच’ अधिक पटते, पण या धाग्याचे काम त्यावाचून अडत नाही.

मारिनुसचा भाऊ यान न्यायालयाचे दार ठोठावत राहिला. त्याचे वकील होते न्युरेंबर्गचे माजी अभियोक्ते रॉबर्ट केम्पनर. १९६७ मध्ये बर्लिनच्या न्यायालयाने शिक्षा आठ वर्षांवर आणली, माणूस जाऊन तेहतीस वर्षे झाल्यावर. १९८० मध्ये निर्दोष ठरवले, पण तो निर्णय वर टिकला नाही. शेवटी नाझी काळातील अन्याय्य निकाल रद्द करणाऱ्या १९९८ च्या कायद्याखाली डिसेंबर २००७ मध्ये हा निकाल रद्द झाला. आग कोणी लावली या प्रश्नात शिरण्याची तेव्हा गरजच पडली नाही. २८ फेब्रुवारीचे पाचवे कलम आणि २९ मार्चचा कायदा यांवर तो देहदंड उभा होता, एवढे दाखवणे पुरेसे ठरले.