डॉ. भाऊ दाजी यांची शिल्लक

मुंबईच्या व्यापाराच्या इतिहासांत १ जुलै १८६५ ही तारीख मोठी अशुभ मानली जाते. त्या दिवशीं वायद्याच्या सौद्यांची पुरतता व्हावयाची होती. पण देणारांपाशीं द्यावयास कांहीं उरलें नव्हतें. चार वर्षें अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें होतें. तेथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांस मिळेनासा झाला, आणि त्याची उणीव मुंबईहून जाणाऱ्या कापसानें भरून काढली. शहरांत पैशाचा पूर आला. नव्या बँका निघाल्या, समुद्र हटवून जमीन काढण्याच्या कंपन्या निघाल्या. बॅकबे कंपनीच्या पांच हजारांच्या शेअरला पन्नास हजारांपर्यंत भाव आला. १८६५ च्या एप्रिलांत युद्ध संपलें आणि हा सारा डोलारा कोसळला. ज्यांचें द्रव्य त्यांत बुडालें, त्यांच्यांत शहरांतील सर्वांत नामांकित एतद्देशीय डॉक्टरही होते. ते डॉ. भाऊ दाजी लाड.

शास्त्राभ्यासांत रमणारा हा पुरुष या भानगडींत सांपडलाच कसा, असा प्रश्न त्यांचें चरित्र वाचणाऱ्याच्या मनांत उभा राहतो. त्याचें उत्तर लोभांत शोधण्यापेक्षां त्यांच्या स्वभावांत शोधणें अधिक न्यायाचें होईल. आणि त्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे.

भाऊंचें मूळ नांव रामकृष्ण विठ्ठल लाड. १८२२ च्या सुमारास गोव्यांतील मांद्रें या गांवीं एका गरीब सारस्वत कुटुंबांत त्यांचा जन्म झाला. लहानपणींच ते मुंबईस आले. बुद्धिबळांतील त्यांची हुषारी पाहून एका इंग्रज गृहस्थानें, या मुलास इंग्रजी शिकवा, असा आग्रह त्यांच्या वडिलांपाशीं धरला, असें सांगतात. पुढें ते एल्फिन्स्टन संस्थेंत शिक्षक झाले. कच्छ-काठेवाडांतील बालहत्येच्या दुष्ट चालीवर त्यांनीं लिहिलेल्या निबंधास बक्षीस मिळालें. १८४५ सालीं ग्रँट मेडिकल कॉलेज उघडलें, आणि हा शिक्षक पुन्हा विद्यार्थी झाला. १८५१ सालीं तेथून बाहेर पडलेल्या पदवीधरांच्या पहिल्या तुकडींत त्यांचें नांव होतें.

शवच्छेदनाचें नुसतें नांव काढलें तरी ज्या समाजाच्या अंगावर कांटा येई, त्या समाजाचा विश्वास भाऊंनीं थोड्याच वर्षांत संपादन केला. श्रीमंतांच्या वाड्यांतून त्यांना बोलावणीं येत. आणि गरिबांस ते व त्यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी फुकट औषध देत. विलायती विद्या शिकले म्हणून त्यांनीं आपल्या वैद्यकाकडे पाठ फिरविली नाहीं. संस्कृत वैद्यकग्रंथ वाचावे, त्यांतील औषधी मिळवाव्या आणि रोग्यावर त्यांचा गुण पडताळून पाहावा, असा त्यांचा क्रम होता. महारोगावर त्यांनीं केलेले प्रयोग त्या काळीं फार गाजले.

परंतु रोग्याची नाडी पाहून घरीं परतणें एवढ्यानें त्यांचें समाधान होत नसे. २६ ऑगस्ट १८५२ रोजीं बॉम्बे असोसिएशन ही राजकीय संस्था स्थापन झाली. गिरगांवचे नाना जगन्नाथ शंकरशेट तिचे अध्यक्ष, आणि चिटणिसांचें काम भाऊंकडे आलें. कंपनी सरकारच्या सनदेचा पार्लमेंटांत पुनर्विचार व्हावयाचा होता. त्या संधीस संस्थेनें अर्ज पाठवून, कायदे करणाऱ्या मंडळांत या देशाच्या लोकांस जागा द्या, अशी मागणी केली. सरकारास हें रुचणार नाहीं, या भीतीनें कांहीं बड्या मंडळींनीं अंग काढून घेतलें. चिटणीस मात्र जागचे हलले नाहींत. मुलींच्या शिक्षणाच्या बाबतींतही त्यांचें वर्तन असेंच होतें. स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटीचे ते पहिले एतद्देशीय अध्यक्ष. या सोसायटीनें चालविलेल्या कन्याशाळांचा त्यांनीं हिरीरीनें पुरस्कार केला.

त्यांच्या धैर्याची खरी कसोटी १८६२ सालीं लागली. वल्लभ संप्रदायाच्या कांहीं महाराजांच्या अनाचारावर ‘सत्यप्रकाश’ पत्राचे संपादक करसनदास मुळजी यांनीं लेख लिहिला, आणि त्यांच्यावर अब्रुनुकसानीची फिर्याद झाली. संप्रदायाचे अनुयायी धनाढ्य होते. त्यांचा रोष ओढवून घेणें कोणत्याही डॉक्टरच्या धंद्यास परवडणारें नव्हतें. तरीही भाऊ न्यायासनापुढें उभे राहिले आणि महाराजांच्या आजारासंबंधीं वैद्य या नात्यानें जें ठाऊक होतें, तें त्यांनीं शपथेवर सांगितलें. मुख्य मुद्द्यावर निकाल करसनदासांच्या बाजूनें लागला.

याच वर्षीं भायखळ्याच्या राणीच्या बागेंत वस्तुसंग्रहालयाची कोनशिला बसली. त्यासाठीं खटपट करणारांत शंकरशेट आणि भाऊ हे अग्रभागीं होते. त्याच सुमारास जुनागडचे तरुण पंडित भगवानलाल इंद्रजी यांना भाऊंनीं मुंबईस आणवून आपल्यापाशीं ठेवून घेतलें. शिलालेखांचे ठसे भगवानलालांनीं घ्यावे, आणि अजिंठ्याच्या लेण्यांतील किंवा जुनागडच्या खडकावरील अक्षरांचा अर्थ डॉक्टरांनीं रात्रीं दिव्यापाशीं बसून लावावा. बर्लिनचे डॉ. फिरखो हे जवळजवळ त्यांचेच समवयस्क. तेही वैद्यक, राजकारण आणि पुराणवस्तुशोध या तिन्हींत सारखेच पारंगत होते. पण त्यांच्या मागें एक मोठें विद्यापीठ उभें होतें. भाऊंच्या मागें त्यांच्या स्वतःच्या कमाईशिवाय दुसरें कांहीं नव्हतें.

आतां त्या पहिल्या प्रश्नाकडे वळतां येईल. चार माणसांनीं एकत्र येऊन विश्वासानें कांहीं उभारावें, मग ती शाळा असो, सभा असो कीं संग्रहालय, हा ज्याच्या आयुष्याचा ध्यास, त्याला चार माणसांच्या भांडवलानें समुद्र हटविणारी कंपनी परकी वाटली नसावी. मात्र संस्था आणि सट्टा यांत जें अंतर आहे तें त्यांना वेळीं दिसलें नाहीं. हा त्यांचा दोष खराच, आणि त्याची किंमत त्यांनीं पुरेपूर मोजली. त्याच महिन्याच्या अखेरीस, ३१ जुलैला, नाना शंकरशेटही निवर्तले. वर्षानुवर्षांचा जोडीदार गेला, पैसाही गेला.

मग उरलें काय? ज्या १८६५ सालांत भाऊंचें द्रव्य बुडालें, त्याच सालीं लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत आर्यभटापासून भास्कराचार्यांपर्यंतच्या ज्योतिषांच्या कालनिर्णयावरील त्यांचा निबंध छापून आला. ही शिल्लक कोणत्याही बाजाराला बुडवितां येण्यासारखी नव्हती. त्यांनीं पुन्हा रोगी पाहण्यास सुरुवात केली. ओढगस्तींतही भगवानलालांस दूरदूरच्या प्रवासास पाठविलें. आणि शहरानें काय केलें? १८६९ सालीं व पुन्हा १८७१ सालीं भाऊंची मुंबईच्या शेरीफपदीं नेमणूक झाली. पेढीवरची पत गेलेल्या माणसास नगरीनें आपल्या मानाच्या जागीं दोनदां बसविलें.

३१ मे १८७४ रोजीं ते वारले. संग्रहालयाची इमारतही त्या मंदींत पैशावांचून रखडली होती; ती पुढें सरकारनें पुरी केली आणि १८७२ सालीं भाऊंच्या हयातींतच संग्रहालय लोकांस खुलें झालें. आरंभीं त्यास राणी व्हिक्टोरिया व तिच्या पतीचें नांव होतें. १८७४ नंतर एक शतक लोटलें, आणि १९७५ सालीं त्या दाराशीं डॉ. भाऊ दाजी लाड यांचें नांव लागलें. माटुंग्यास त्यांच्या नांवाचा रस्ता आहे. बॅकबे कंपनीचे पन्नास हजारांचे कागद रद्दींत गेले. ज्या डॉक्टरानें त्या वर्षीं सर्वस्व गमावलें, त्याच्या खात्यावर मुंबईचें देणें मात्र अजून निघतें आहे.