झुंजार सोलापूरला कधी उतरलाच नाही

आमच्या घरी आजोबांना ताता म्हणतात. सोलापूरच्या पूर्व भागातलं पद्मशाली घर, त्यामुळे घरात तेलुगू, गल्लीत मराठी आणि चौकात गेलं की थोडं कानडी, थोडं दखनी. ताता गिरणीत विणकाम खात्यात होते. शाळा फार झाली नव्हती, पण मराठी वाचायचे मात्र झपाटल्यासारखे. आणि वाचायचे ते फक्त रहस्यकथा.

वाचायचे म्हणजे काय, सादरच करायचे. अव्वा मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेली असायची, शेजारच्या दोन-तीन बायका आपापली सुपं घेऊन यायच्या, आणि ताता भिंतीला टेकून मोठ्यानं वाचायचे. खून झाला की आवाज खाली. पाठलाग सुरू झाला की आवाज वर, आणि विड्या वळायचा वेगही वर. बायकांना रोजचा आकडा पुरा करायचा असायचा. अव्वा म्हणायची, बाबूराव असले की आकडा लवकर पुरा होतो.

बाबूराव म्हणजे बाबूराव अर्नाळकर. तुमच्यापैकी अनेकांनी हे नाव फक्त आजी-आजोबांकडून ऐकलं असेल. खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण, जन्म १९०६, मृत्यू १९९६, आणि मध्ये हजारावर पुस्तकं. आपण आयुष्यात तेवढ्या वेबसिरीजचे ट्रेलर तरी बघू का? गुप्तहेर धनंजय आणि त्याचा छोटू, झुंजार आणि विजया, कायद्याच्या बाहेर राहून दुष्टांचा हिशोब करणारा काळापहाड. पुस्तकं अंगानं बारीक, कागद हलका, आणि पहिल्या दोन पानांत प्रेत. भाड्यानं पुस्तकं देणाऱ्या दुकानांसाठी याहून सोयीचा माल नव्हता, कारण आज नेलेलं पुस्तक उद्या परत येणारच. आमच्या घरी यायची ती पुस्तकं बहुधा पुठ्ठा निघालेली असायची. पहिल्या पानावर कुणीतरी पेन्सिलीनं ‘खून मॅनेजरने केला’ असं लिहून ठेवलेलंही असायचं. त्या माणसाला ताता आठवडाभर शिव्या द्यायचे.

तर या ताताची एक कायमची तक्रार होती. ‘मुंबईत रोज खून होतेत, इथं एक बी होत न्हाई व्हय? ह्यो झुंजार कधी सोलापूरला का उतरत न्हाई बे?’

मी लहान होतो, मला ते विनोदी वाटायचं. नंतर स्वतः वाचायला लागलो तेव्हा कळलं की तक्रार खरी आहे. मी जेवढ्या मराठी रहस्यकथा आणि साहसकथा वाचल्या, त्यांत माझं गाव नाही. गाडी दादरहून सुटते, फार तर पुण्याला थांबते. पुढे कुर्डुवाडी, सोलापूर काही नाहीच.

याचं एक कारण सरळ आहे. असल्या कादंबरीला अनोळखी माणसांचं शहर लागतं. लोकल, गोदी, हॉटेलची लॉबी, लिफ्ट. आमच्याकडे स्टेशनवर नवा माणूस उतरला तर तो कुणाकडे पाहुणा आलाय हे पानवाल्याला अर्ध्या तासात कळतं. असल्या गावात वेषांतर करणार कसं? दुसरं कारण, पुस्तकं मुंबई-पुण्यात लिहिली आणि छापली जायची. सोलापूर ही गिऱ्हाइकाची जागा. चादर आमची, गोष्ट त्यांची.

पण नंतरच्या लेखकांबद्दल बोलायचं तर मी ताताइतका निष्ठावंत नाही. गुरुनाथ नाईकांनीही हजारावर कादंबऱ्या लिहिल्या. त्यांचा कॅप्टन दीप सरहद्दीपर्यंत घेऊन जातो. वेग जबरदस्त, पण चार पुस्तकं सलग वाचली की कुठल्या पुस्तकात काय झालं ते आठवत नाही. सुहास शिरवळकर मला जास्त जवळचे, कारण त्यांची माणसं बोलतात छान. बॅरिस्टर अमर विश्वास कोर्टात उभा राहिला की खुनी कोण यापेक्षा आता हा काय बोलणार याची उत्सुकता असते. ‘दुनियादारी’ सिनेमामुळे तुम्हाला शिरवळकर माहीत झाले. माझ्या पिढीतल्या बऱ्याच जणांना ते दारा बुलंदमुळे आधीच माहीत होते. आणि भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा फास्टर फेणे, त्याच्याबद्दल वाईट बोलणाऱ्याशी मी वाद घालत नाही, उठून जातो.

या सगळ्यातले दोष लपवण्यात अर्थ नाही. बाई बहुतेक वेळा पळवून नेण्यासाठी असते किंवा मोहात पाडण्यासाठी. खलनायक कोण हे कधी कधी नाव, जात, धर्म किंवा चेहऱ्यावरचा व्रण सांगितला की कळतं. आज वाचताना ते बोचतं. अव्वाला बोचायचं का, हे मी तिला कधी विचारलं नाही.

मग अनुवाद आले. अॅलिस्टर मॅक्लीनची युद्धातली साहसं, ज्यांत गद्दार नेहमी आपल्याच तुकडीत असतो. आणि फ्रेडरिक फोर्सिथ. त्याच्या ‘द डे ऑफ द जॅकल’नं, १९७१ सालच्या त्या कादंबरीनं, माझं डोकंच फिरवलं. फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांना मारायला एक भाडोत्री मारेकरी निघतो. द गॉल यांचा खून झाला नाही, ते १९७० मध्ये घरी वारले, हे पुस्तक उघडण्याआधीच सगळ्या जगाला माहीत आहे. म्हणजे पेन्सिलीनं उत्तर पहिल्या पानावर लिहिलेलंच आहे. तरीही शेवटच्या पानापर्यंत घशाला कोरड. मी हे ताताला सांगितलं तर ते म्हणाले, ‘शेवट ठावं असताना वाचायचं कशाला?’ हे वाक्य लक्षात ठेवा, ते पुढे परत येणार आहे.

नोकरीसाठी मुंबईला गेल्यावर माझं वाचन बहुतेक सिद्धेश्वर एक्सप्रेसमध्ये, मोबाइलवर व्हायचं. अशाच एका रात्री मी एक जुनी इंग्रजी कादंबरी उघडली. ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’, लेखक फिलिप मेडोज टेलर, साल १८३९. अमीर अली नावाचा कैदेतला ठग एका साहेबाला आपली कहाणी सांगतो. लहानपणी त्याच्या आई-बापांना ठगांनी मारलं, त्यातल्याच एकानं त्याला वाढवलं, आणि पुढे तो स्वतः रुमालानं गळे आवळू लागला. खुनांचा आकडा तो स्वतःच सांगतो, ७१९. वरून खंत अशी की पकडलो गेलो नसतो तर हजार झाले असते. यातला एक खून कुणाचा होता हे त्याला फार उशिरा कळतं, ते मी इथे सांगणार नाही. मीही पेन्सिलवाल्याच्या जातीचा नाही.

कुर्डुवाडी आली तरी मला झोप नव्हती. टेलर कोण म्हणून शोधलं आणि बर्थवर उठून बसलो. हा माणूस निजामाच्या नोकरीतला अधिकारी. १८५३ मध्ये निजामानं इंग्रजांना जे जिल्हे तोडून दिले त्यांतल्या एकाचा कारभार त्याच्याकडे आला, आणि १८५७ पर्यंत त्याचं ठाणं होतं नळदुर्ग. नळदुर्ग! हैदराबाद रोडला, आमच्या घरापासून पन्नासेक किलोमीटरवर. कॉलेजात असताना दर पावसाळ्यात आम्ही मोटारसायकली काढून तिथला पाणीमहाल बघायला जायचो. धरणावरून नर-मादी धबधबे कोसळत असतात आणि आपण आत कोरडे उभे. त्याच किल्ल्यात इंग्लंड गाजवलेल्या थरारकथेचा लेखक सरकारी कागद तपासत बसला होता. पुढे १८६३ मध्ये त्यानं ‘तारा’ लिहिली. त्या कादंबरीत अफझलखानाची स्वारी आहे, तुळजापूर आहे, नळदुर्ग आहे. म्हणजे झुंजार सोलापूरला उतरला नसेल, पण ही थरारकथा आमच्या शिवेपर्यंत येऊन गेली होती. मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी मानली जाणारी गुंजीकरांची ‘मोचनगड’ पुस्तकरूपानं आली १८७१ मध्ये, ‘तारा’नंतर आठ वर्षांनी.

टेलरच्या ठगानं जग फिरून घेतलं. व्हिक्टोरिया राणीनं ते पुस्तक वाचलं. ठगांची साथ युरोपभर पसरली, फ्रेंच लेखक यूजीन स्यूनं १८४४-४५ मध्ये आपल्या गाजलेल्या मालिकेत एक ठग घातला. थेट १९८४ च्या ‘इंडियाना जोन्स’मध्ये अमरीश पुरी माणसाच्या छातीतून काळीज काढतात, तो या घराण्याचा बराच बिघडलेला वारस.

दुसऱ्यांदा वाचताना मात्र मला एक गोष्ट खुपायला लागली. अमीर अली बोलतो कारण तो माफीचा साक्षीदार आहे. बोलला तर गळ्यातला फास टळतो. स्लीमन साहेबाची ठगविरोधी मोहीम अशाच कबुलीजबाबांवर उभी होती. एकानं दुसऱ्याचं नाव घ्यायचं, दुसऱ्यानं तिसऱ्याचं. वाटमारे होते, प्रवाशांचे गळे घोटले जात होते, यात शंका नाही. पण देशभर पसरलेला, कालीच्या नावानं चालणारा, शेकडो वर्षांचा गुप्त पंथ हे चित्र कितपत खरं आणि कितपत चौकशीच्या खोलीत तयार झालेलं, यावर इतिहासकार आजही भांडतात. कादंबरीत साहेब अधूनमधून प्रश्न विचारतो, शहारतो, धिक्कार करतो. कागद आणि दौत मात्र त्याच्याच हातात असते.

बाबूरावांचा काळापहाड मला इथे नव्यानं कळला. तो पोलिसांना झुकांडी देतो आणि वाचक त्याच्या बाजूला असतो. विड्या वळणाऱ्या त्या बायका कधीही इन्स्पेक्टरच्या बाजूच्या नव्हत्या. त्याला आमच्या गावात कारणही होतं.

मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाली आणि सोलापूर पेटलं. गिरण्या बंद पडल्या. ८ मेला गोळीबार झाला, शंकर शिवदारे नावाचा तरुण पडला, कोर्टाची इमारत जाळली गेली, पोलीस मारले गेले. मग काही दिवस शहरात इंग्रजांचा अंमल असा राहिलाच नाही, लोकच रस्त्यावर व्यवस्था बघत होते. त्यानंतर लष्कर आलं आणि मार्शल लॉ लागला. गांधी टोपी घालून बाहेर पडणंसुद्धा धोक्याचं झालं. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांच्यावर पोलिसांच्या खुनाचा खटला चालला आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्याला चौघांना फाशी दिली. सरकारी कागदांत ही एक खुनाची केस आहे. फिर्यादी सरकार, गोष्ट सांगणारं सरकार, शेवट करणारंही सरकार. सोलापूरच्या माणसाला विचाराल तर तो म्हणेल की त्या चौघांनी कुणाला मारलं नव्हतं, पुढारी संपवायचे होते म्हणून त्यांना गोवलं.

एक लिंगायत, एक मारवाडी, एक मराठा, एक मुसलमान. पोलीस नसलेलं शहर, चालून येणारं लष्कर, खटला, साक्षीदार. फोर्सिथला हे मिळालं असतं तर त्यानं सोडलं असतं? आपल्याकडे या चौघांवर पुस्तिका आहेत, स्मरणिका आहेत, भाषणं तर दरवर्षी. रात्री जागून वाचावी अशी कादंबरी माझ्या हाताला लागलेली नाही. शेवट माहीत आहे म्हणून असेल. किंवा हुतात्म्यांना घाम फुटलेला, चुका करताना, घाबरताना दाखवायला आपण कचरतो म्हणून असेल. मला दुसरं कारण जास्त पटतं. थरारकथेत भीती लागते, आणि पुतळ्याला ती वाटत नाही.

ताताचे वडील, आमचे मुत्तात, १९३० मध्ये गिरणीत कामाला होते. एवढं घरात सगळ्यांना माहीत आहे. त्या मे महिन्यात ते गर्दीत होते, घरात दडून होते, की पाहिलेलं सांगू नका म्हणून कुणी त्यांना दम दिला होता, हे कुणालाच माहीत नाही. त्यांनी ताताला काही सांगितलं असणार, असं मला नेहमी वाटायचं.

सिद्धेश्वराचा गड्डा जानेवारीतच भरतो, संक्रांतीच्या सुमाराला. ताता मला सायकलवर पुढे बसवून न्यायचे. वाटेत चार पुतळ्यांपाशी सायकल थांबवायचे, टोपी काढायचे, परत घालायचे. एका वर्षी, मी आठवी-नववीत असेन, मी विचारलं, ‘ताता, मुत्तात तेव्हा कुठं होते?’

ते जरा वेळ पुतळ्यांकडे बघत राहिले. मग पायडल मारत म्हणाले, ‘गड्ड्यात पुस्तकाचं दुकान लागलंय म्हनं. बाबूराव असंल तर घेऊ.’

बाबूराव मिळाले. जुनं पुस्तक, शेवटची आठ पानं गायब. ताता त्या रात्री तेवढंच वाचून थांबले, आणि अव्वानं पुढचं विचारलं तेव्हा म्हणाले, ‘न्हाई त्यात.’