सर्पंटाइन बेल्ट व टेन्शनर : डिझेल मोटारगाडीतील बिघाड आणि बदली

सर्पंटाइन बेल्ट म्हणजे क्रँकशाफ्टची गती अल्टरनेटर, एसीचा कॉम्प्रेसर, पॉवर स्टिअरिंगचा पंप आणि काही इंजिनांत वॉटर पंप यांना पोचवणारा लांब, चपटा रबरी पट्टा. त्याच्या आतल्या अंगाला लांबीभर शिरा असतात. गॅरेजात तो फॅन बेल्ट या जुन्याच नावाने ओळखला जातो. टेन्शनर ही त्याला सतत ताणून धरणारी यंत्रणा असून तिच्यात स्प्रिंगवर झुलणारा हात आणि त्याच्या टोकाला बेअरिंगवर फिरणारी पुली असते. डिझेल गाडीत हा पट्टा तुटला की नवा पट्टा चढवून गाडी सोडून देण्याची पद्धत आहे, आणि बहुतेक वेळा ती चुकीची ठरते. पट्टा तुटतो तो सहसा दुसऱ्या कुणाच्या तरी दोषाने. तो दोषी भाग जागच्या जागी राहिला तर नवा पट्टाही त्याच वाटेने जातो. पट्टा आणि टेन्शनर यांचा विचार म्हणूनच एकत्र करावा लागतो, आणि त्या दोघांबरोबर पट्ट्याच्या फेऱ्यातली प्रत्येक पुली तपासावी लागते.

पूर्वी प्रत्येक उपकरणासाठी स्वतंत्र व्ही-आकाराचा पट्टा असे. एखादा तुटला तर एकच उपकरण बंद पडे आणि बाकीचे चालू राहत. १९७९च्या फोर्ड मस्टँगपासून एकाच लांब पट्ट्यावर सगळी उपकरणे फिरवण्याची पद्धत मोटारगाड्यांत रुळू लागली. शिरांचा पट्टा पातळ असल्याने दोन्ही बाजूंना वळतो, लहान पुलीवर बसतो आणि इंजिनाच्या पुढे जागा कमी खातो. आडवे इंजिन बसवलेल्या छोट्या गाड्यांना ही बचत फारच उपयोगी पडली. या सोयीची किंमत म्हणजे सगळा भार एका पट्ट्यावर आला. आजच्या मोटारगाड्यांत प्रामुख्याने पीके प्रकारचा पट्टा असतो. त्याच्या दोन शिरांतले अंतर ३.५६ मिलिमीटर असते. पट्ट्यावर ६पीके१२०० असे छापलेले असेल, तर शिरा सहा आणि कार्यकारी लांबी १२०० मिलिमीटर. पट्टा मागवताना हा आकडा जुळवणे अत्यावश्यक आहे, कारण टेन्शनरचा हात ठरावीक टप्प्यातच योग्य ताण देतो. पाच-दहा मिलिमीटरचा फरक दुकानात किरकोळ वाटतो, पण लांब पट्ट्याने टेन्शनर आपल्या टोकाच्या अटकावाजवळ जाऊन बसतो आणि पुढचा ढिलेपणा घ्यायला त्याच्याकडे काही उरत नाही.

डिझेलचा प्रश्न पेट्रोलपेक्षा अवघड असण्याचे कारण इंजिनाच्या धक्क्यांत आहे. चार सिलिंडरच्या, चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकशाफ्टच्या प्रत्येक फेऱ्यात दोन वेळा ज्वलन होते. मिनिटाला ८०० फेऱ्यांवर इंजिन संथ चालत असेल तर सेकंदाला सुमारे २७ ठोके होतात. संपीडन जास्त असल्याने डिझेलचा प्रत्येक ठोका पेट्रोलपेक्षा कडक असतो, आणि दर ठोक्याला क्रँकशाफ्ट क्षणभर पुढे उसळून पुन्हा मंदावतो. पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला अल्टरनेटरचा जड रोटर क्रँकच्या दोन ते तीन पट वेगाने फिरत असतो. त्याला हे क्षणोक्षणीचे मंदावणे मानवत नाही. तो आपल्याच वेगात पुढे रेटतो आणि पट्टा या ओढाताणीत सापडतो. म्हणून बऱ्याच डिझेल गाड्यांत अल्टरनेटरला एकाच दिशेने पकड घेणारी फ्रीव्हील पुली देतात आणि क्रँकच्या पुलीत रबराचे कडे घालतात. टेन्शनरमध्येही स्प्रिंगबरोबर घर्षणाने झटके जिरवणारी व्यवस्था असते. या तिघांपैकी एकाने काम सोडले की त्याचा भार उरलेल्या दोघांवर पडतो. फ्रीव्हील पुली जाम झाली तर टेन्शनरचा हात सैरभैर नाचू लागतो, त्याचा बुश झिजतो, हात तिरका होतो आणि पट्टा पुलीच्या कडेला सरकत जाऊन कडेची शीर कापली जाते. तुटतो पट्टा, पण दुखणे सुरू झालेले असते अल्टरनेटरच्या पुलीत. नवा टेन्शनर काही महिन्यांतच खडखडू लागला, तर संशय आधी या पुलीवर घ्यावा.

यावर पहिला आक्षेप असा येतो की पट्टा पाहून कळतेच की. तडे दिसले की बदलायचा. जुन्या क्लोरोप्रिन रबराच्या पट्ट्यांना हे लागू होते, कारण ते वाळून तडकत. आजचे पट्टे ईपीडीएम रबराचे असतात. ते उष्णता सहज सोसतात आणि एक लाख किलोमीटर चालल्यावरही त्यांना तडे दिसतीलच असे नाही. ते टायरसारखे झिजतात. शिरांमधल्या खाचा रुंद होतात, पट्टा पुलीत खोल बसतो, पाचरीसारखी पकड जाते आणि खाचांतून पाणी निसटायला वाट राहत नाही. वरून काळाभोर, धडधाकट दिसणारा पट्टा पावसात घसरतो तो यामुळे. ईपीडीएमचे दुसरे वैगुण्य डिझेलवाल्यांनी विशेष लक्षात ठेवावे : खनिज तेल आणि डिझेल यांनी हे रबर फुगते व मऊ पडते. इंजेक्टरच्या परतीच्या नळीतून किंवा टॅपेट कव्हरच्या गॅस्केटमधून तेल पाझरत असेल, तर नवा पट्टा घालण्याआधी ती गळती बंद करायला हवी. तेलाने चिकट झालेला पट्टा पुसून पुन्हा वापरण्यात अर्थ नाही, कारण तेल रबरात मुरलेले असते.

दुसरा आक्षेप जुन्या चालकांचा असतो : डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही, मग पट्टा तुटला तरी घर गाठता येते. यांत्रिक इंधनपंपाच्या काळात या म्हणण्यात तथ्य होते. १९९७मध्ये आल्फा रोमिओ १५६ या गाडीतून कॉमन रेल पद्धत प्रवासी गाड्यांत आली आणि हळूहळू सर्वत्र पसरली. त्यात इंजेक्टर विजेवर उघडतात. अल्टरनेटर थांबला की गाडी बॅटरीच्या शिलकीवर चालते आणि ती संपली की बंद पडते. ब्रेकचा मुद्दा याहून गंभीर आहे. पारंपरिक डिझेल इंजिनात पेट्रोलप्रमाणे हवा अडवणारा थ्रॉटल नसल्याने ब्रेकच्या बूस्टरला लागणारा निर्वात आपोआप मिळत नाही. त्यासाठी वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. आपल्याकडच्या अनेक डिझेल गाड्यांत तो अल्टरनेटरच्या पाठीला जोडलेला असतो. अशा गाडीचा पट्टा तुटला की बूस्टरमधल्या साठ्यावर एक-दोनदा ब्रेक नीट लागतो आणि मग पेडल दगडासारखे होते. घाट उतरताना हे झाले तर काय होईल ते सांगायला नको.

इंजिनाचे नुकसान किती होईल हे मात्र रचनेवर ठरते, आणि भारतातल्या दोन परिचित इंजिनांतला फरक इथे बोलका आहे. फियाटचे १.३ लिटर मल्टिजेट पुण्याजवळच्या रांजणगावातही तयार होई आणि स्विफ्टपासून इंडिका विस्टापर्यंत अनेक गाड्यांत बसले. त्याचे टायमिंग साखळीवर चालते, त्यामुळे बाहेरचा पट्टा तुटून टायमिंग बिघडत नाही. पण वॉटर पंप याच पट्ट्यावर फिरतो. पट्टा गेला की कुलंटचे वहन थांबते आणि तापमानाचा काटा पाहता पाहता चढतो. तरीही चालवत राहिले तर हेड गॅस्केट जाते. रेनोचे १.५ लिटर डीसीआय इंजिन नाशिकमध्ये बनलेल्या लोगनमध्ये २००७पासून होते आणि पुढे डस्टरमध्ये आले. त्याचा वॉटर पंप टायमिंग बेल्टवर चालतो, म्हणजे बाहेरचा पट्टा तुटून इंजिन लगेच तापत नाही. धोका वेगळाच आहे. फाटलेल्या पट्ट्याच्या धाग्यांचा गुंता क्रँक पुलीच्या मागे शिरतो, टायमिंगच्या कव्हरखाली ओढला जातो आणि टायमिंग बेल्टला दात चुकवायला लावतो. डिझेलमध्ये पिस्टन वरच्या टोकाला आल्यावर मोकळी जागा जेमतेम मिलिमीटरभर असते, त्यामुळे दात चुकले की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात. अशा इंजिनात पट्टा फाटून तुटला असेल, तर कव्हर उघडून आत धागे आहेत का हे पाहिल्याशिवाय स्टार्टर फिरवू नये.

तपासणीची सुरुवात चालू इंजिनावर, हात दूर ठेवून आणि नुसत्या डोळ्यांनी करावी. टेन्शनरच्या हाताची बारीक थरथर स्वाभाविक आहे, पण ठळक दिसणारी उडी हे बिघाडाचे लक्षण होय. पट्टा किंचाळत असेल तर शिरांच्या बाजूवर पाण्याचा बारीक फवारा मारावा. आवाज वाढला तर ताण कमी आहे. आवाज थांबून थोड्या वेळाने परत आला तर पुल्या एका रेषेत नाहीत. थंडीत सकाळी गाडी सुरू केल्यावरचा आवाजही काही सांगतो : तेव्हा ग्लो प्लग भरपूर वीज खातात, बॅटरी भरून निघायची असते, अल्टरनेटर जड चालतो आणि ढिला पट्टा नेमका तेव्हाच घसरतो. पट्टा काढल्यावर प्रत्येक पुली हाताने फिरवून पाहावी. बेअरिंगची खरखर बोटांना लागते, कानाला ऐकू येईलच असे नाही. पुली अगदी सुळकन, निर्विघ्न फिरत राहिली तर तेही ठीक नाही, कारण मग आतले ग्रीस संपलेले असते. अल्टरनेटरचा गाभा धरून फ्रीव्हील पुली एका दिशेने मोकळी आणि दुसऱ्या दिशेने पक्की आहे का ते पाहावे, आणि क्रँक पुलीच्या रबरी कड्याला भेगा पडल्या आहेत का हेही त्याच वेळी पाहून घ्यावे.

प्रत्यक्ष बदली इंजिन गार असताना आणि बॅटरीची निगेटिव्ह तार काढून करायची असते. आडव्या इंजिनाच्या गाडीत जागा हातभरही नसते, म्हणून बहुधा पुढचे चाक आणि त्यामागचे चिखल अडवणारे प्लॅस्टिकचे अस्तर काढूनच काम होते. पट्टा उतरवण्याआधी त्याच्या वळणांचा फोटो काढून ठेवावा. बोनेटखालचे चित्र कित्येक गाड्यांत कधीच निघून गेलेले असते. टेन्शनरच्या षट्कोनावर पाना लावून हात मागे फिरवतात, भोक असेल तर त्यात पिन अडकवतात आणि पट्टा सोडवतात. या स्प्रिंगचा जोर मोठा असतो, तेव्हा पाना निसटेल तिकडे बोटे ठेवू नयेत. नवा टेन्शनर बसवताना त्याच्या पाठीवरची खुंटी इंजिनावरच्या भोकात बसली आहे याची खात्री करून मगच बोल्ट ठरावीक टॉर्कने आवळावा. अॅल्युमिनियममधले आटे जास्त आवळल्याने उपटतात. पट्टा शेवटी गुळगुळीत पुलीवरून सरकवणे सोयीचे पडते. सगळ्यात सर्रास होणारी चूक म्हणजे एक शीर पुलीच्या कडेबाहेर राहणे. वरून पाहून ती दिसत नाही, प्रत्येक पुलीवर बोट फिरवावे लागते. मग क्रँकशाफ्ट नेहमीच्या दिशेने हाताने दोन फेरे फिरवून पट्टा सरकत नाही ना हे पाहावे आणि त्यानंतरच गाडी सुरू करावी. क्रँक पुलीचा बोल्ट मात्र इंजिनाचे पुस्तक न पाहता ढिला करू नये, कारण काही इंजिनांत टायमिंगचे चक्रही त्याच बोल्टच्या दाबाने जागेवर धरलेले असते.

सर्वांत रास्त आक्षेप खर्चाचा आहे. पट्ट्याबरोबर टेन्शनर बदला असे सांगणारे अनेकदा तेच दोन्ही भाग विकत असतात, हे खरे आहे. पण मजुरीचा मोठा वाटा तिथवर हात पोचवण्याचा असतो, आणि पट्ट्यासाठी जे उघडावे लागते ते बहुतेक गाड्यांत टेन्शनरलाही पुरते. दोघांनी किलोमीटरही तेवढेच काढलेले असतात. या नियमाला अपवाद आहे : पट्टा तेलाने किंवा आत शिरलेल्या खड्याने गेला असेल, टेन्शनर अलीकडेच बदललेला असेल आणि त्याचा हात पूर्ण टप्प्यात न अडकता, न डगमगता फिरत असेल, तर तो ठेवायला हरकत नाही. पट्ट्यावर चिकट फवारा, साबण किंवा राळ मारून आवाज बंद करण्याला मात्र कोणतेही समर्थन नाही. त्याने धूळ चिकटते, गळती झाकली जाते आणि बिघाडाची एकमेव सूचना नाहीशी होते.

वाटेत पट्टा तुटला, तर बॅटरीचा लाल दिवा लागताच गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करावे. वॉटर पंप किंवा व्हॅक्यूम पंप याच पट्ट्यावर असेल, अथवा टायमिंग बेल्टचे इंजिन असेल, तर गाडी चालवत गॅरेजात न नेता टो करूनच न्यावी.