दारापर्यंत ग्रंथ : फिरत्या पेटीपासून समाजमाध्यमांपर्यंत

तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्यात, महाराष्ट्राच्या सीमेकडील टापूत, तलमडुगु हे मंडलाचे गाव आहे. या टापूत तेलुगूच्या जोडीने मराठी, गोंडी, कोलामी आणि उर्दू कानांवर पडते. आदिलाबादहून मुदखेडकडे जाणारा लोहमार्ग किनवटवरून जातो आणि बाजार, सोयरीक, शिक्षण अशा निमित्तांनी माणसांची दोन्ही बाजूंना ये-जा असते. १९५६ पूर्वी राज्याची सीमा येथे नव्हतीच. किनवट आणि राजुरा हे तालुके तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातच होते. राज्यपुनर्रचनेत ते मुंबई राज्याला जोडले गेले आणि उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात गेला. रेषा आखली गेली. परंतु रेषेपलीकडे राहिलेल्या घरांतील मराठी त्यामुळे पुसली गेली नाही. पुसट झाली ती मराठी पुस्तकाची वाट.

सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा हैदराबाद राज्याने १९५५ साली, आंध्र प्रदेशाने १९६० साली आणि महाराष्ट्राने १९६७ साली केला. या कायद्यांनी गावोगावच्या वाचनालयांना आधार दिला हे निर्विवाद आहे. तथापि कायद्याचा हात आपल्या राज्याच्या हद्दीपर्यंतच पोचतो. तलमडुगुसारख्या गावातील मराठी वाचकाला पलीकडचे अनुदानित वाचनालय परराज्यातले ठरते, तर अलीकडच्या ग्रंथालयाचा मुख्य व्यवहार स्वाभाविकपणे तेलुगूत चालतो. जो वाचक ग्रंथालयापर्यंत येऊ शकत नाही त्याच्यापर्यंत ग्रंथालयाने कसे जावे, हा प्रश्न येथे सर्वांत स्पष्टपणे उभा राहतो. आज त्याचे उत्तर म्हणून समाजमाध्यमांकडे बोट दाखविले जाते. माध्यम नवे असले तरी प्रश्न जुना आहे, आणि मागील पिढ्यांनी त्याला दिलेली उत्तरे नव्या माध्यमाच्या वापरालाही मार्गदर्शक ठरावीत अशी आहेत.

दोन भाषा, एक चळवळ

निजामी राज्यातील ग्रंथालय चळवळीचा आरंभ १ सप्टेंबर १९०१ रोजी हैदराबादेत स्थापन झालेल्या श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयमपासून धरला जातो. तिच्या प्रवर्तकांत कोमर्राजू वेंकट लक्ष्मणराव हे प्रमुख होते. मराठी वाचकाला आवर्जून सांगण्याजोगी गोष्ट अशी, की लक्ष्मणरावांचे शिक्षण नागपुरास झाले होते, मराठी त्यांना उत्तम अवगत होती आणि त्यांनी मराठीतून लेखनही केले होते. तेलुगू भाषेला ज्ञानभाषा करण्यासाठी झटणाऱ्या या पुरुषाने १९०६ साली विज्ञान चंद्रिका मंडळी ही ग्रंथप्रकाशन संस्था उभारण्यात पुढाकार घेतला. हैदराबादेतील मराठी ग्रंथ संग्रहालयाची स्थापना १९२२ साली झाली. संस्थानचा राज्यकारभार आणि उच्च शिक्षण उर्दूत चालत असताना तेलुगू आणि मराठी या दोन्ही भाषांनी आपापला आश्रय ग्रंथालयात शोधला, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे.

त्या काळी संस्थानात जाहीर सभांवर कडक निर्बंध होते. अशा परिस्थितीत वाचनालय हे चार माणसांनी एकत्र बसून वृत्तपत्र वाचण्याचे, वाचलेल्यावर बोलण्याचे आणि दुसऱ्या गावची वार्ता कळण्याचे ठिकाण झाले. ज्याला वाचता येत नसे तोही ऐकण्यासाठी येऊन बसे. आज ज्याला समाजमाध्यम म्हणतात त्याचे कार्य, म्हणजे वार्ता पोचविणे, मत मांडणे आणि समानशीलांना जोडणे, ते त्या काळी ग्रंथालयाच्या ओसरीवर होत होते. ग्रंथालयाला हे काम परके नाही. त्याचे साधन मात्र बदलले आहे.

पेटी, बैलगाडी आणि नाव

शहरातील ओसरी खेड्यातल्या वाचकाला उपयोगी नव्हती. त्याचा विचार प्रथम व्यापक प्रमाणावर झाला तो बडोदे संस्थानात. सयाजीराव गायकवाड यांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. शिकलेली मुले वाचनाअभावी पुन्हा निरक्षर होऊ नयेत म्हणून त्यांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला पाचारण केले. निवडक पुस्तके लाकडी पेट्यांत भरून त्या गावोगाव फिरविण्याची व्यवस्था या योजनेत झाली. जेथे गावकरी काही रक्कम जमवीत तेथे तितकाच वाटा स्थानिक मंडळाने आणि तितकाच सरकारने घालून वाचनालय उभे राही.

बडोद्याच्या योजनेतील दोन गोष्टी आजच्या विषयाच्या दृष्टीने विशेष लक्षणीय आहेत. पहिली म्हणजे ग्रंथालय खात्याची दृक्‌शिक्षण शाखा. मॅजिक लँटर्न आणि चलच्चित्रे घेऊन ही शाखा खेड्यांत जाई आणि अक्षरओळख नसलेल्यांनाही ज्ञानाच्या वर्तुळात घेई. दुसरी म्हणजे १९१२ साली सुरू झालेले ‘लायब्ररी मिसेलनी’ हे नियतकालिक. ते इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत निघे. संस्थानातील प्रजा ज्या भाषा वाचत होती त्या भाषांत ग्रंथालयाने बोलावे, हे सूत्र तेथे प्रारंभापासून मान्य झाले होते.

पुढे साधने बदलत गेली. १९३१ साली, म्हणजे ज्या वर्षी शियाळी रामामृत रंगनाथन यांचा ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला त्याच वर्षी, तंजावर जिल्ह्यातील मन्नारगुडी येथून पुस्तकांनी भरलेली बैलगाडी आसपासच्या खेड्यांत फिरू लागली. १९३५ साली आंध्रात पातूरी नागभूषणम यांनी कृष्णेच्या कालव्यातून नावेवरचे ग्रंथालय चालविले. जेथे रस्ता होता तेथे गाडी, जेथे कालवा होता तेथे नाव. वाचकाच्या गावाकडे जी वाट आधीच जात होती तिचाच उपयोग या मंडळींनी केला. वाहन कोणतेही असो, आत ग्रंथच होता.

वाचकाची भाषा, वाचकाची लिपी

आदिलाबाद जिल्ह्याने या इतिहासात आणखी एक धडा जोडला आहे. १९४० च्या दशकात मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांच्या मार्गदर्शनाखाली निजाम सरकारने गोंडांसाठी शिक्षणयोजना आखली आणि १९४३ साली मार्लवाई येथे शिक्षकांचे प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. मुलांना प्रथम त्यांच्याच गोंडी भाषेतून शिकवावे असे ठरले, आणि त्यासाठी केलेली वाचनपुस्तके देवनागरी लिपीत होती. याच जिल्ह्यातील आदिवासींमध्ये काम करताना सेतुमाधवराव पगडी यांनी गोंडी आणि कोलामी या भाषांचा अभ्यास करून त्यांची व्याकरणे लिहिली. मराठी वाचकांना ते इतिहासकार म्हणून परिचित आहेतच.

जिल्ह्यातीलच गुंजाळा गावी गोंडीच्या स्वतंत्र लिपीतील हस्तलिखिते मिळाली. २०१८ साली त्या लिपीला ‘युनिकोड’ या जागतिक संगणकीय संकेतप्रणालीत स्थान मिळाले. देवनागरीला ते १९९१ मध्येच मिळाले होते. संगणकावर आणि भ्रमणध्वनीवर एखादी भाषा तिच्या लिपीत सर्वत्र सारखी लिहिता-वाचता येते ती या प्रणालीमुळे. वाहनाची निवड करण्यापूर्वी वाचकाच्या भाषेची आणि लिपीची सोय झाली पाहिजे, हा बडोद्याच्या त्रैभाषिक नियतकालिकाचाच धडा येथे वेगळ्या रूपात पुन्हा दिसतो.

नवे वाहन

फेसबुक २००४ साली, यूट्यूब २००५ साली आणि व्हॉट्सॲप २००९ साली सुरू झाले. भारतातील खेड्यांत त्यांचा खरा प्रसार २०१६ नंतर, आंतरजालाचे दर उतरल्यावर झाला. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि ग्रंथालयांची दारे कित्येक महिने बंद राहिली. त्या काळात ज्या ग्रंथालयाजवळ सभासदांचे दूरध्वनी क्रमांक व्यवस्थित नोंदलेले होते त्याला वाचकाशी बोलता येत होते. ज्याच्याजवळ केवळ जुनी नोंदवही होती त्याला दार उघडण्याची वाट पाहावी लागली.

त्याआधीच, २००९ साली, नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या आश्रयाने विनायक रानडे यांनी ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही योजना सुरू केली होती. पुस्तकांच्या पेट्या वाचकांच्या गटांकडे द्यायच्या आणि ठरावीक काळाने त्या एकमेकांत बदलायच्या, अशी तिची साधी रीत. २०१४ साली ही पेटी दुबईतील मराठी कुटुंबांपर्यंत गेली. शंभर वर्षांपूर्वीची बडोद्याची पेटी समुद्रापार पोचली, आणि पेटी कोणाकडे आहे, तिच्यात काय आहे हे कळविण्यासाठी हाताशी नवे साधन आले. समाजमाध्यमाचा योग्य उपयोग कोणता, याचे उत्तर येथे सापडते : माध्यमाने वार्ता न्यावी, पेटीने ग्रंथ न्यावा.

या दृष्टीने ग्रंथालयाला पुष्कळ करता येते. नव्याने दाखल झालेल्या पुस्तकांची यादी दर आठवड्याला पाठविता येते. पुस्तक राखून ठेवणे, मुदत वाढविणे, परतीची आठवण देणे ही कामे एका संदेशावर होतात. शहरात झालेले व्याख्यान दूरच्या सभासदाला ध्वनिचित्रफितीतून ऐकता येते. वाचकाने विचारलेल्या शंकेला ग्रंथाचा आधार देऊन उत्तर पाठविणे ही तर संदर्भसेवाच होय, आणि ऐकीव मजकूर क्षणात शेकडो ठिकाणी पसरण्याच्या या काळात तिचे मोल वाढले आहे. कोठल्या पुस्तकात काय लिहिले आहे हे पान उघडून सांगणारा ग्रंथपाल त्या गर्दीत एकटाच विश्वासू साक्षीदार असतो.

साधनांतील भेदही जाणले पाहिजेत. व्हॉट्सॲपच्या समूहात प्रत्येकाचा क्रमांक इतरांना दिसतो आणि सूचनेपेक्षा शुभेच्छांचीच दाटी होते. एकतर्फी प्रसारयादीत क्रमांक दिसत नाहीत. पण तिची मर्यादा २५६ जणांची असून ज्याने ग्रंथालयाचा क्रमांक आपल्याकडे जतन केला आहे त्यालाच संदेश पोचतो. २०२३ पासून भारतात उपलब्ध झालेल्या ‘चॅनेल’ या सोयीत अनुयायांचे क्रमांक परस्परांपासून गुप्त राहतात. सभासदाने कोणते पुस्तक नेले ही त्याची खासगी बाब आहे. ती चारचौघांत उघड होऊ न देणे हे २०२३ च्या वैयक्तिक विदासंरक्षण कायद्याच्या आधीपासूनचे ग्रंथपालाचे कर्तव्य आहे.

मोहाची ठिकाणे

सर्वांत मोठा मोह आहे तो पुस्तकांच्या विनापरवाना प्रती वाटण्याचा. एकाने पुस्तक छायांकित करावे आणि हजारांनी ते फुकट उतरवून घ्यावे, ही आता नित्याची गोष्ट झाली आहे. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत स्वामित्वहक्क टिकतो. १९१९ साली निवर्तलेल्या हरि नारायण आपट्यांचे किंवा १९५० साली निवर्तलेल्या साने गुरुजींचे साहित्य कोणासही मुक्तपणे देता येते. हयात लेखकाचे देता येत नाही. सीमेपलीकडच्या वाचकाला मराठी पुस्तक मिळत नाही ही अडचण खरी आहे, आणि तिच्याकडे बोट दाखवून अशा वाटपाचे समर्थनही होते. परंतु मराठी लेखक आणि प्रकाशक यांच्या तुटपुंज्या मिळकतीतून ही सोय करणे म्हणजे विहिरीचा झरा बुजवून पाणी वाटण्यासारखे आहे.

दुसरा धोका विस्मरणाचा. ‘ऑर्कुट’ २०१४ साली बंद झाले, ‘गूगल प्लस’ २०१९ साली बंद झाले आणि त्यांच्यावरील असंख्य संवाद त्यांच्याबरोबर गेले. ग्रंथालयाने जे काही समाजमाध्यमावर ठेवले त्याची प्रत आपल्या दप्तरी ठेवलीच पाहिजे. परक्याच्या भिंतीवर लिहिलेल्या मजकुराचा धनी भिंतीचा मालक असतो.

तिसरी उणीव अशी, की ज्याच्या हाती भ्रमणध्वनी नाही तो या व्यवस्थेत अदृश्य होतो. बडोद्याच्या दृक्‌शिक्षण शाखेने निरक्षराला वगळले नव्हते. आजच्या ग्रंथालयानेही फलकावरची सूचना, टपालाचे कार्ड आणि शिक्षकाच्या हाती दिलेली यादी मोडीत काढू नये.

शतकपूर्तीच्या प्रसंगी ग्रंथालये आपल्या इमारतीची, ग्रंथसंख्येची आणि सभासदसंख्येची मोजदाद करतात, आणि ते उचितच आहे. त्या मोजदादीत आणखी एक रकाना असावा : उंबरठ्यापर्यंत येऊ न शकणाऱ्या किती वाचकांच्या हाती या वर्षी पुस्तक पडले. समाजमाध्यमावरील अनुयायांची आणि पसंतीच्या खुणांची संख्या त्या रकान्यात भरता येणार नाही. तलमडुगुच्या एखाद्या वाचकाने भ्रमणध्वनीवर यादी वाचली, मागणी कळविली, पेटी किनवटमार्गे आदिलाबादला गेली, पुस्तक वाचून परत आले आणि त्याची नोंद वहीत झाली, तर मात्र तो आकडा एकाने वाढेल.