प्रत्यारोपणोत्तर मानसिक विकास

प्रत्यारोपणोत्तर मानसिक विकास : मूत्रपिंड, यकृत, हृदय किंवा फुप्फुस यांचे प्रत्यारोपण झालेल्या रुग्णाच्या जीवनदृष्टीत, नात्यांत आणि स्वतःविषयीच्या जाणिवेत आजाराशी झुंजताना घडून येणारा चांगला व टिकाऊ बदल. मानसशास्त्रात तो आघातोत्तर विकासाचा एक प्रकार मानला जातो. आजारापूर्वीच्या मनःस्थितीला परत येणे म्हणजे सावरणे. विकासात रुग्ण त्याच्याही पुढे जातो. शस्त्रक्रिया यशस्वी झाली म्हणून हा बदल आपोआप होत नाही. विस्कटलेल्या आयुष्याचा अर्थ नव्याने लावण्याच्या धडपडीतून तो येतो, आणि त्या धडपडीत भीती व दुःखही असतेच.

संकल्पना व मापन : रिचर्ड टेडेस्की आणि लॉरेन्स कॅलहून या अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या (शार्लट) मानसशास्त्रज्ञांनी १९९०च्या दशकाच्या मध्यास आघातोत्तर विकासाची संकल्पना मांडली. त्यांनी १९९६मध्ये प्रसिद्ध केलेल्या मापनश्रेणीत २१ विधाने आहेत. प्रत्येक विधानाला ० ते ५ गुण देतात. एकूण गुण जास्तीत जास्त १०५ होतात. विधाने पाच क्षेत्रांत विभागलेली आहेत : जगण्याचे मोल कळणे, इतरांशी जवळीक वाढणे, स्वतःच्या बळाची ओळख पटणे, नव्या वाटा दिसणे आणि आध्यात्मिक बदल. प्रत्यारोपणाच्या रुग्णांवरील अभ्यासांत हीच श्रेणी मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. स्पेनमधील सेव्हिल येथील संशोधकांनी यकृत-प्रत्यारोपणाच्या रुग्णांबरोबर त्यांची शुश्रूषा करणाऱ्या नातेवाइकांचाही असा अभ्यास केला आहे.

विकास कसा घडतो याचे एक स्पष्टीकरण रॉनी जॅनॉफ-बुलमन यांच्या १९९२मधील मांडणीवर उभे आहे. जग बऱ्यापैकी सुरक्षित आहे, आपले शरीर आपल्याला साथ देणारच, ही माणसाची मूळ गृहीतके असतात. गंभीर आजार ती मोडून टाकतो. सुरुवातीला ‘माझ्याच वाट्याला हे का?’ हा विचार नको असताना मनात घोळत राहतो. पुढे कुणी नीट ऐकून घेणारे भेटले, तर तोच विचार ‘आता कसे जगायचे?’ या दिशेने वळतो. विकासाची सुरुवात या वळणावर होते.

वैद्यकीय पार्श्वभूमी : बोस्टनमध्ये २३ डिसेंबर १९५४ रोजी जोसेफ मरे यांनी जुळ्या भावांमध्ये केलेले मूत्रपिंड-प्रत्यारोपण हे दीर्घकाळ यशस्वी ठरलेले पहिले अवयव-प्रत्यारोपण. डिसेंबर १९६७मध्ये केपटाउन येथे ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी मानवी हृदयाचे पहिले प्रत्यारोपण केले. रुग्ण १८ दिवस जगला. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८मध्ये केलेल्या हृदय-प्रत्यारोपणातील रुग्ण काही तासच जगला. आयुष्य तासांत आणि दिवसांत मोजले जात होते तोवर रुग्णाच्या मनाच्या जडणघडणीचा प्रश्न मागेच राहिला. सायक्लोस्पोरिन या औषधाला १९८३मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली आणि अवयव नाकारला जाण्याचे प्रमाण घटले. मिळालेली वर्षे कशी जगायची, हा प्रश्न त्यानंतर पुढे आला.

रुग्णाचा अनुभव : मूत्रपिंड निकामी झालेला रुग्ण साधारणपणे आठवड्यातून तीनदा, दर वेळी सुमारे चार तास डायलिसिसच्या यंत्राला जोडलेला असतो. त्याला दिवसाचे पाणी मोजून प्यावे लागते; पोटॅशियम वाढू नये म्हणून केळी, नारळपाणी वर्ज्य असते. प्रत्यारोपण यशस्वी झाले की त्याच माणसाला डॉक्टर भरपूर पाणी प्यायला सांगतात. तहान लागली की ग्लासभर पाणी एका दमात पिता येणे, लघवीला होणे, मशीनच्या वेळा न पाळता गावाला जाता येणे या गोष्टींचे अप्रूप रुग्ण वर्षानुवर्षे सांगतात. अनेक जण शस्त्रक्रियेची तारीख दुसरा वाढदिवस म्हणून पाळतात. जगण्याचे मोल कळणे हे क्षेत्र प्रत्यक्षात असे दिसते.

मात्र प्रत्यारोपण म्हणजे आजारातून कायमची सुटका नव्हे. शरीराने अवयव नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमससारखी औषधे सहसा दर बारा तासांनी, ठरल्या वेळी, अवयव काम करतो तोवर घ्यावी लागतात. मूत्रपिंड कसे चालले आहे ते सांगणारा क्रिएटिनिनचा रिपोर्ट हाती येईपर्यंत जीव टांगणीला लागतो. टॅक्रोलिमसने हात थरथरू शकतात. प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडने चेहरा सुजतो, झोप उडते, चिडचिड वाढते. कधी याच स्टेरॉइडमुळे अवास्तव उत्साहही वाटतो. सुरुवातीच्या आठवड्यांतील असा उत्साह म्हणजे मानसिक विकास समजू नये. तो औषधाचा परिणाम असू शकतो.

दात्याशी नाते : या विकासाला इतर गंभीर आजारांनंतरच्या विकासापेक्षा वेगळे रूप येते ते दात्यामुळे. दाता मृत असेल, तर ‘कुणी तरी गेले म्हणून मी आहे’ हा सल रुग्णाला छळतो. त्याचा मृत्यू आपल्यासाठी झालेला नाही, तो झाल्यावर त्याच्या कुटुंबाने दान केले, हे समजून घ्यायला वेळ लागतो. फेडता न येणाऱ्या या ऋणाच्या ओझ्याला रेनी फॉक्स व ज्युडिथ स्वेझी या अभ्यासकांनी ‘दानाचा जुलूम’ म्हटले आहे. मृत दात्याची ओळख सहसा गुप्त ठेवली जाते, त्यामुळे त्याच्या कुटुंबाचे प्रत्यक्ष भेटून आभार मानण्याची वाटही सहसा बंद असते. अशा वेळी काही रुग्ण ते ऋण समाजाकडे वळवतात. अमेरिकन स्नोबोर्डपटू ख्रिस क्लग यांचे २०००मध्ये यकृत-प्रत्यारोपण झाले. २००२च्या सॉल्ट लेक सिटी हिवाळी ऑलिंपिकमध्ये त्यांनी कांस्यपदक मिळवले आणि पुढे अवयवदानाच्या प्रसारासाठी संस्था काढली. प्रत्यारोपण झालेल्यांच्या जागतिक क्रीडास्पर्धा १९७८मध्ये इंग्लंडमधील पोर्ट्‌समथ येथे सुरू झाल्या.

भारतातील स्थिती : भारतात १९९४च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने मेंदूमृत्यूला मान्यता दिली आणि अवयवांच्या खरेदी-विक्रीवर बंदी घातली. २०११च्या दुरुस्तीने आजी-आजोबा व नातवंडे यांचाही जवळच्या नातेवाइकांत समावेश केला. २०२३मध्ये देशात १८ हजारांहून अधिक प्रत्यारोपणे झाली. मृत दाते मात्र सुमारे ११०० होते. म्हणजे येथील बहुतेक रुग्णांचा दाता घरातच असतो, आणि जिवंत दात्यांत स्त्रियांची संख्या पुरुषांपेक्षा खूप जास्त आहे. आईने किंवा पत्नीने किडनी दिलेल्या घरात कृतज्ञता, संकोच आणि जबाबदारी एकाच ताटात वाढलेली असते. रुग्ण रागावला तरी त्याला अपराधी वाटते. औषध चुकवले तर ते दात्याशी बेइमानी केल्यासारखे वाटते. या घरांत रुग्णाच्या विकासाची चौकशी करताना अवयव देणाऱ्या स्त्रीच्या तब्येतीची आणि मनाची चौकशीही झालीच पाहिजे. तिने दिलेले गृहीत धरून रुग्णाचे कौतुक करणे अन्यायाचे आहे.

मर्यादा व टीका : विकासाचे मापन रुग्णाच्या स्वतःच्या सांगण्यावर अवलंबून असते. पॅट्रिशिया फ्रेझियर व सहकाऱ्यांनी २००९मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांची आघातापूर्वीची व नंतरची स्थिती तपासली. त्यांना जाणवलेला विकास आणि प्रत्यक्ष बदल यांचा फारसा मेळ बसला नाही. टान्या झोल्नर व आंद्रियास मार्कर यांनी विकासाच्या जाणिवेत खरा बदल आणि स्वतःची समजूत घालणे असे दोन्ही घटक असतात असे म्हटले आहे. शिवाय प्रश्नावली भरतात ते वाचलेले रुग्ण; प्रतीक्षायादीत असताना दगावलेल्यांचे म्हणणे तिच्यात कधीच येत नाही.

विकास आणि मनस्ताप एकाच माणसात एकाच वेळी नांदू शकतात. म्हणून विकासाचे गुण चांगले आले तरी नैराश्याची तपासणी टाळता येत नाही. मेरी अमांडा ड्यू व सहकाऱ्यांनी २०१५मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात प्रत्यारोपणानंतर नैराश्य असलेल्यांत मृत्यूचा धोका सुमारे ६५ टक्क्यांनी अधिक आढळला.

उपचारातील स्थान : नोंदणीकृत प्रत्यारोपण रुग्णालयात समन्वयक नेमणे भारतात कायद्याने बंधनकारक आहे. रुग्ण, दाता आणि डॉक्टर यांच्यातील हा दुवा मानसिक आधाराचाही पहिला टप्पा ठरू शकतो. शस्त्रक्रियेपूर्वी रुग्ण व जिवंत दाता यांच्याशी वेगवेगळे बोलणे, आधी प्रत्यारोपण झालेल्यांशी गाठ घालून देणे आणि अवयव निकामी झाल्यास पुन्हा समुपदेशन करणे हे उपयोगी मार्ग आहेत. नातेवाइकांनी ‘तुला नवा जन्म मिळाला, आता रडायचे नाही’ असे म्हणू नये. अशा बोलण्याने रुग्ण आपली भीती लपवू लागतो, आणि मदत मागायची वेळ निघून जाते. विकास हे उपचाराचे उद्दिष्ट किंवा रुग्णाची परीक्षा ठरवू नये. ज्याच्यात तो दिसत नाही, पण जो वेळेवर औषधे घेतो आणि आपला दिवस निभावून नेतो, त्याचे प्रत्यारोपण तितकेच सार्थकी लागलेले असते.